धाकूची पाती

आत्माराम मयेकर आणि धाकू तांडेल यांचा मचवा एकच होता आणि तो दोघांचा निम्मा निम्मा होता. रत्नागिरीला आगबोट यायची ती लांब, खोल पाण्यात उभी राहायची. तिच्यावरची माणसं, ट्रंका, गाठोडी मांडवीच्या धक्क्यावर उतरवून आणायची आणि इकडची तिकडे पोचवायची, हा त्यांचा धंदा. सुकाणू धाकूच्या हातात, बोलणंचालणं आणि हिशेब आत्मारामकडे. संध्याकाळी मचवा नांगरला की तिथेच बसून मिळकत वाटली जायची. कधी कागद झाला नाही, कधी त्याची गरजही पडली नाही. आत्मारामची निम्मी पाती आणि धाकूची निम्मी पाती, एवढं बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं.

दोघांच्या बायका एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या होत्या. आत्मारामची यमुनाबाई आणि धाकूची राही. घरं दगडी गडग्याला गडगा लागून. राही यमुनाबाईला वैनी म्हणायची, आणि एकीकडे कालवण केलं की वाटीभर दुसरीकडे जायचं.

धाकूची एक गोष्ट मात्र यमुनाबाईला कधी सोसली नाही. वाऱ्याचा रंग त्याला आवडला नाही की तो मचवा काढायचाच नाही. आगबोट भोंगा देत उभी, धक्क्यावर माणसं ताटकळलेली, दुसऱ्यांच्या होड्या चालल्या आहेत, आणि हा वाळूवर उकिडवा बसून विडी ओढतोय. आत्माराम आरडाओरडा करायचा. धाकू नुसती मान हलवून म्हणायचा, "नाय." त्या दिवशीची मिळकत दोघांचीही जायची. "ह्यांच्या नाय पायी एक दिवस चूल विझेल," असं यमुनाबाई नवऱ्याला पुष्कळदा म्हणाली होती.

तरुणपणी आत्माराम काही वर्षं मोठ्या आगबोटीवर खलाशी होता. तेव्हा त्याने झांजिबार पाहिलं होतं. तिथेही बोट अशीच लांब उभी राहते, माणसं होडीतूनच उतरतात, पण बोटी येतात इथल्या कितीतरी पट. शिवाय आपली हिंदी माणसं तिथे ढीगभर. हे त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं घोळत होतं. अखेर सव्वीस सालच्या दिवाळीनंतर त्याने मनाचा हिय्या केला आणि सल्ला घ्यायला सोहोनी वकिलांकडे गेला. यमुनाबाईही बरोबर गेली. परमुलखाचा मामला, आपल्या कानांनी ऐकलेला बरा, असं तिचं म्हणणं. धाकू मात्र गेला नाही. आगबोटीचा वार होता, कुणीतरी मचव्यावर हवंच होतं.

सोहोनी वकील सावकाश बोलणारे. झांजिबारलाही इंग्रजी धर्तीचाच कायदा चालतो, म्हणाले, आणि तिथला एक वकील माझ्या ओळखीचा आहे, कागद तो करील. पण आधी तुम्ही धंद्याचं रूप ठरवा.

"एकट्याच्या नावावर मांडलात, तर फायदा तुमचा आणि खड्डाही तुमचाच. भागीदारी केलीत, तर दोघं एकमेकांना बांधलेले. तुमच्या धाकूने तिकडे होडी कुणावर घातली, माणूस दगावलं, तर लोक त्याला धरतील तसं तुम्हालाही धरतील. त्याच्याकडे काही नसेल तर तुमच्याकडून घेतील. हे इथलं घरसुद्धा त्यातून सुटायचं नाही."

"घर?" यमुनाबाई न राहवून म्हणाली.

"हो बाई, घर. म्हणून अलीकडे लोक लिमिटेड कंपनी करतात. कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी एक वेगळीच असामी. होड्या तिच्या, देणी तिची, कज्जे तिच्यावर. ती बुडाली तर तिच्यापुरती बुडते. तुम्ही तिच्यात जे घातलं असेल तेवढं जाईल. घराच्या उंबऱ्याच्या आत कुणी येणार नाही."

आत्माराम म्हणाला, "तशी कंपनी करू. मी आणि धाकू, दोघांची."

"करा की. निदान दोन सभासद लागतातच. पण दोघांचे भाग सारखे असले, तर त्याने नाही म्हटलं की तुमचं काम अडलं. तेवढा विचार करा. पुष्कळ लोक दुसरा सभासद घरातलाच घेतात. बायकोचं नाव घालतात."

परतताना आत्माराम आपल्याच विचारात होता. यमुनाबाईच बोलली. "तुमाला धाकूभावजींचा स्वभाव ठाऊक हाय. इथे एक दिवस बुडतो तर आपण कसंबसं भागवतो. तिथे परक्या लोकांत ते नाय म्हणून बसले, तर तुम्ही काय करणार? आणि त्यांच्या चुकीपायी सासऱ्यांनी बांधलेलं घर जायचं? त्यांना चांगला पगार द्या. उपाशी थोडेच ठेवतोय आपण?"

"त्याला काय वाटेल?"

"काय वाटायचंय? पगार वेळेवर मिळाला की झालं."

आत्मारामलाही आतून तेच हवं होतं की काय, कोण जाणे. त्याने फार वाद घातला नाही. यमुनाबाईला लिहिता येत नव्हतं. अंगठा चालेल, असं वकील म्हणाले होते, पण तिने हट्टाने आपलं नाव गिरवून गिरवून शिकून घेतलं आणि कागदांवर सही केली. कंपनीचे दोन सभासद झाले, आत्माराम मयेकर आणि यमुनाबाई आत्माराम मयेकर.

धाकूला सांगितलं ते आत्मारामच्या घरापुढच्या खळ्यात. राहीही गडग्याशी येऊन उभी होती. आत्मारामने वकिलांनी सांगितलेलं सगळं परत सांगितलं, जरा घाईघाईने. धाकूने ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी पाती नाय?"

"पाती नाय, पण पगार हाय. बोट येवो न येवो, महिन्याला ठरलेला. तू तांडेल. होडीवर तुझाच हुकूम."

धाकूने यमुनाबाईकडे पाहिलं. "वैनी, तुमची पाती हाय काय ह्यात?"

"नावापुरती," ती म्हणाली. "बायकांना काय कळतंय त्यातलं?"

"बरं," धाकू म्हणाला आणि उठला. राहीला पगाराची गोष्ट बरी वाटली होती. तिच्या मुलीचं, काशीचं, लग्न जवळ आलं होतं. धाकूने पुन्हा तो विषय काढला नाही. मचवा विकून दोघांनी पैसे वाटून घेतले, आणि पुढल्या हंगामात आत्माराम, धाकू आणि वाडीतला दादू मुंबईहून झांजिबारच्या बोटीत बसले.

पुढली तीनचार वर्षं चांगली गेली, ही गोष्ट खरी. कंपनीच्या एका होडीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. घरावर मंगलोरी कौलं चढली. मिरजोळ्याला कलमांची बाग घेतली, ती आत्मारामने यमुनाबाईच्या नावावर केली. राहीलाही पगार येत होता. काशीचं लग्न राजापुरात थाटात झालं. वर्षातून एकदा तिकडून कंपनीचे कागद यायचे आणि यमुनाबाई पदर सावरून, जमिनीवर मांडी घालून सही करायची. विहिरीवर बायका चेष्टेने विचारायच्या, तेव्हा तीही म्हणायची, "आज आमच्या कंपनीची सभा होती गो." राहीसुद्धा हसायची.

एकतीस सालच्या पावसात तार आली. होडी बुडाली, धाकू गेला, एवढंच तीत होतं. मुंबईहून आगबोटी बंद होत्या, टपाल घाटावरून फेऱ्याने यायचं, दुसरं काही कळायला मार्ग नव्हता. राही आपल्या पडवीत भिंतीला टेकून बसली ती बसलीच. यमुनाबाई तिच्याजवळ राहिली. तिला भात भरवला, तिचे केस धुतले, काशी राजापूरहून येईपर्यंत तिच्याच घरात निजली. दोघी एकत्र रडल्या. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं.

पाऊस सरला आणि पहिल्या आगबोटीने दादू परत आला. होडीवर तोही होता, पोहून वाचला होता. सरळ राहीच्या दारात येऊन त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. वाडी गोळा झाली. यमुनाबाई राहीच्या शेजारीच बसली होती.

"त्या होडीची तळाची फळी कुजली होती," दादू सांगू लागला. "धाकूदादानी दोनदा सांगितलं होतं, होडी वर ओढा, फळी बदला. आत्मारामशेट म्हणाले, हंगाम संपला की बघू. त्या दिवशी वारा उलटा, लाटा ह्या अशा. बोटीवरनं उतारू आणायचे होते, सामानही जास्ती. धाकूदादा म्हणाला, नाय. आज ह्या होडीने नाय. शेट म्हणाले, आज बोट सोडली तर काम दुसऱ्याकडे जाईल. बराच वेळ बोलाचाली झाली. मगे शेट म्हणाले, पगार घेतोस ना?"

दादू पुढे सांगू लागला.

"आमी होडी लोटली. जाताना धाकूदादा मला म्हणाला, दादू, माझी पाती असती तर आज ही होडी वाळूवर असती. येताना मधेच फळी सुटली. त्याने दोन पोरांना तरंगत्या वल्ह्यावर घातलं, एका म्हातारीला माझ्याकडे ढकललं. मगे मला तो दिसला नाय."

राहीने मान फिरवून यमुनाबाईकडे पाहिलं. त्या नजरेत अजून राग नव्हता, पण यमुनाबाईचा हात तिच्या पाठीवर होता तो आपोआप खाली आला. घराच्या भीतीने आपण काय बोललो होतो, हे तिला शब्दन् शब्द आठवत होतं. राहीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. वाडीत कुणालाच नव्हतं.

आत्माराम आला तो होळीच्या सुमाराला. अंगाने निम्मा झाला होता. ओटीवर बसल्या बसल्या त्याला रडू फुटलं. कित्येक दिवस किनाऱ्याने हिंडलो, म्हणाला, पण धाकू मिळाला नाय, होडी बुडताना धक्क्यावरनं डोळ्यांनी बघितली. यमुनाबाईने विचारलं, "दादू सांगतो ते खरं?" त्याने मान डोलावली. "मला वाटलं, नेहमीसारखाच नाय म्हणतोय," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी तिला नवऱ्याची दया आली.

पण दिवस गेले तसा तो बदलला. बुडालेल्या उतारूंच्या माणसांनी तिकडे कंपनीवर दावे लावले होते. कोर्टाने कंपनी मोडीत काढली, उरलेल्या होड्या विकल्या. आलेला पैसा कोर्टखर्च आणि दावे यांतच सरला, तरी सगळ्यांना पुरला नाही. नोकर माणसांच्या वाट्याला काही आलं नाही. आत्मारामला कुणी हात लावला नाही. वकिलांनी सांगितलं होतं तसंच सगळं घडलं. घर राहिलं, कौलं राहिली, बाग राहिली. आधी तो हे खालच्या आवाजात सांगायचा. मग साध्या आवाजात सांगू लागला. "कायद्याने आपला त्यात संबंध नाय," हे वाक्य त्याच्या तोंडी बसलं. सुरुवातीला ते म्हणताना तो जमिनीकडे बघायचा, पुढे पुढे समोरच्याकडे बघू लागला.

राही स्वतः सोहोनी वकिलांकडे जाऊन आली. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, फी घेतली नाही. पण देणं होतं ते कंपनीचं आणि कंपनी आता नाही, तेव्हा मागायचं कुणाकडे, असं त्यांनी तिलाच विचारलं. तिथून राही सरळ यमुनाबाईकडे आली. आत्माराम ओटीवर सुपारी कातरत होता. त्याच्याकडे न बघता ती माजघराच्या दाराशी उभी राहिली.

"वैनी, एक सांग. ही कंपनी कोण?"

यमुनाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"वकील म्हणतात, ती मेली. मेली तर तिचं कुणी तेरावं केलं काय? घर होतं काय तिला? मी अडाणी हाय, मला समजावून दे. कागदावर नावं कुणाची होती?"

"आमची दोघांची," यमुनाबाई म्हणाली.

"दोघांचीच?"

"दोघांचीच."

"मगे दोघंही माझ्यासमोर जिवंत हायत," राही म्हणाली. "विहिरीवर तूच सांगायचीस ना, आमची कंपनी म्हणून?"

ओटीवरून आत्माराम म्हणाला, "राहीवैनी, कायद्याने ती वेगळी..." पण ती तोपर्यंत पायऱ्या उतरून गेली होती.

त्या दिवशी यमुनाबाईला जेवण गेलं नाही. नवऱ्याला वाढता वाढता ती म्हणाली, "मिरजोळ्याची बाग माझ्या नावावर हाय. तिच्यातली निम्मी कलमं राहीला लिहून देते."

आत्मारामचा घास हातातच राहिला. "आणि तिकडच्या उतारूंची माणसं? ती म्हणतील, चूक होती म्हणूनच दिलं. आज राहीला दिलं, उद्या ती सगळी उभी राहतील. कंपनी वेगळी आणि आपण वेगळे, ही एवढीच एक भिंत हाय आपल्याकडे. ती आपल्याच हाताने पाडायची?"

"भिंत पडली तरी चालेल मला."

"तुला चालेल. ह्या घरासाठीच तू मला तेव्हा सांगितलंस ना? धाकूला घेऊ नका म्हणून कोण म्हणालं होतं?"

हे तो कधीतरी बोलणार, हे तिला माहीत होतं. तिने पळी आमटीच्या भांड्यात ठेवली आणि भाताचं पातेलं पुढे ओढलं.

पण आत्मारामही अगदी दगड नव्हता. तोच वकिलांना विचारून आला. सोहोनींनी सांगितलं, द्यायला कायद्याची मनाई नाही, मात्र दयाधर्म म्हणून द्या, हक्क म्हणून देऊ नका. कागदात तसं स्पष्ट लिहू, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. कागद तयार झाला. निराधार विधवेस कृपा म्हणून, असे त्यात शब्द होते. आत्मारामने तो ओटीवर राहीला मोठ्याने वाचून दाखवला. यमुनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

राहीने शेवटपर्यंत ऐकलं. "ह्यातलं ते कृपा म्हणून काढा," ती म्हणाली. "तिथे घाला, धाकूची पाती म्हणून. मगे मी अंगठा देते."

"तसं लिहिता येत नाय, राहीवैनी."

"लिहू नका मगे. तोंडाने म्हणा. वैनी, तू म्हण. ही माझ्या नवऱ्याची पाती हाय, एवढं चार माणसांत म्हण. कागद नको मला."

खळ्यात शेजारची दोघंतिघं उभी होती. यमुनाबाईने तोंड उघडलं. समोर नवरा होता. त्याने काही खूण केली नाही, डोळे वटारले नाहीत, नुसता तिच्याकडे बघत राहिला. डोक्यावर नवी कौलं होती, पाठीशी मागीलदारचे माड होते, आणि ते सगळं कुणीतरी दारात येऊन मोजून नेतंय असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. शब्द अगदी साधे होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिने गिळले.

राही डोक्यावरचा पदर नीट करून गडगा ओलांडून आपल्या घरी गेली. कागद ओटीवरच पडून राहिला. संध्याकाळी आत्मारामने तो घडी करून पेटीत टाकला. "आपण द्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "चार माणसांनी बघितलं. आता आपल्यावर बोल नाय."

त्या नारळी पौर्णिमेपासून राही मासळी विकू लागली. पहाटे राजिवड्याला जाऊन माल घ्यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरायची. मयेकरांचं घर तेवढं सोडायची. यमुनाबाई दाराआड उभी राहून तिची हाक ऐकायची. ती हाक शेजारच्या घरापर्यंत यायची, मग पुढल्या घरापाशी निघायची.

आत्मारामचं बरं चाललं होतं. बागेचं उत्पन्न येत होतं. परमुलखात धंदा करून, कोर्टकचेरी बघून सहीसलामत परत आलेला माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं. पालीहून, राजापूरहून लोक सल्ला विचारायला यायचे. कुणाला बसऱ्याला खानावळ काढायची असायची, कुणाला एडनला दुकान. ओटीवर बैठक बसायची. "भागीदारीच्या भानगडीत पडू नका," असं तो सांगायचा, "लिमिटेड करा." लोक माना डोलवायचे. बुडालेल्या होडीचं कुणी विचारलं तर म्हणायचा, समुद्राचं काम, कुणाच्या हातात असतं? यमुनाबाई आतून चहा पाठवायची.

चौतीस सालच्या थंडीत एका सकाळी राहीने पाटी मयेकरांच्या खळ्यात उतरवली. त्या दिवशी सुरमई फार आली होती, बाजार पडला होता आणि माल संपल्याशिवाय तिला परतायचं नव्हतं. यमुनाबाई धावतच बाहेर आली.

"राही, काशी बरी हाय ना गो?"

"बरी हाय. किती घेणार, बाई?"

बाई. हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. बंदरावरच्या कुठल्याही घरात ती असंच म्हणत असणार. यमुनाबाईने सबंध सुरमई घेतली. राहीने इतरांना लावायची तोच भाव लावला, एक पैसा कमी नाही की जास्ती नाही. यमुनाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. राही म्हणाली, "तहान नाय," आणि स्वतःच गुडघ्यावर पाटी घेऊन, एका झटक्यात ती डोक्यावर चढवून निघाली. पाटीला हात लावायला यमुनाबाई पुढे झाली होती, तोवर ती खळ्याबाहेर गेलीही होती.

दुपारी आत्माराम जेवायला बसला. तुकडी मोडून तोंडात टाकत म्हणाला, "ताजी हाय गो. कुणाकडनं घेतलीस?"

"राहीकडनं."

त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "येतेय ना दारात आता? बरं झालं. माणसाच्या मनात राग किती दिवस राहायचा?" असं म्हणून त्याने ताट पुढे केलं. "वाढ अजून एक तुकडी."

यमुनाबाईने वाढली.